पोलेपोले

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे आमच्या धंद्यात माश्या मारायचा दिवस. बायका घरी घट मांडून बसलेल्या असतात, केसांना कात्री लावायची नसते, आयब्रोलासुद्धा "उद्या येते" म्हणतात. म्हणून मी त्या मुलीला गुरुवारीच सकाळी साडेनऊला बोलावलं. आदल्या संध्याकाळी ती दारात आली तेव्हा डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला आणि तोंडातलं पहिलं वाक्य, "तुम्ही कापणार नाही ना?"

मी नाही म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. स्कार्फ सोडून बघितलंही नव्हतं अजून.

कोंढव्यात माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. आसपास आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं-मुली बरीच राहतात. मुली येतात त्या थ्रेडिंगला, वॅक्सिंगला. केसांना हात लावू देत नाहीत, एकमेकींचे एकमेकी करतात. ही टांझानियाची, म्वान्झाची, बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला. तिकडे सरकारी शाळांत मुलींना बहुतेक ठिकाणी केस बारीक कापूनच ठेवावे लागतात. त्यामुळे पुण्याला येईपर्यंत तिने स्वतःचे लांब केस कधी बघितलेच नव्हते. जे होते ते या तीन वर्षांचे.

स्कार्फ सोडला. मागचा अर्धा भाग नमदा झाला होता. गुंता हा शब्द तिथे पुरत नाही. गाद्यांच्या कारखान्यात दाबलेला काथ्या असतो ना, तसा. बोट आत जात नव्हतं.

झालं होतं असं. परीक्षा, सबमिशन या गडबडीत बारीक वेण्या अकरा आठवडे तशाच राहिल्या. या वेण्या खोटे केस मिसळून घालतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत सोडायच्या असतात. मग एके रात्री तिने आणि तिच्या मैत्रिणीने बसून सगळ्या सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी ही थेट एका मोठ्या सलूनमध्ये धुवायला गेली. नाव घेत नाही. एसी, कॉफी, काळे युनिफॉर्म, सगळं. तिथल्या पोराने केस न विंचरता बेसिनवर घेतले, शाम्पू ओतला, सगळे डोक्यावर गोळा केले आणि चोळले. आपल्याकडे जाहिरातीत बायका फेस करून चोळतात, तसे. वर गरम पाणी. मग फणी जाईना, तेव्हा म्हणाला, "मॅडम, बॉयकट करावा लागेल." आणि धुण्याचे पैसे घेतले.

याला दोष तरी किती देऊ? मी कोर्स केला तेव्हा केसांचे प्रकार शिकवले ते तीन: तेलकट, कोरडे, नॉर्मल. डमीचे केस सरळ. परीक्षेतली मॉडेल सरळ केसांची. कुरळ्या केसांचा धडा म्हणजे ते सरळ कसे करायचे. शाळेत मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी पाठ केला, कर्नाटकात यल्लापूर-हळियाळकडे आजही या मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींची गावं आहेत, पण त्यांच्या केसांना कुठली फणी लागते हे या देशात एकाही पार्लरच्या कोर्सला विचारावंसं वाटलेलं मी तरी ऐकलं नाही. मी शिकले ते गिऱ्हाइकांकडून आणि मोबाईलवर, तेही उशिरा. किती उशिरा, ते पुढे येईलच.

वेणी अकरा आठवडे बांधलेली असते तेव्हा आत काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतातच. आपले फणीत येतात, उशीवर पडतात. वेणीतले गळलेले केस जातील कुठे? तिथेच अडकून राहतात. अकरा आठवड्यांचे सत्त्याहत्तर दिवस, म्हणजे साडेतीन-चार हजारांपासून साडेसात हजारांपर्यंत सुटे केस, जिवंत केसांत विणलेले. त्यात वेणीच्या मुळाशी धूळ, तेल, कोंडा साचून करड्या रंगाचा एक बोळा बसतो. वेणी सोडल्यावर आधी तो बोळा कोरडाच, कंडिशनर लावून बोटांनी फोडायचा असतो. त्याच्या आधी नुसतं पाणी आणि शाम्पू पडला की लोकर गरम पाण्यात धुतल्यावर जे होतं तेच इथे होतं.

मी बुधवारी रात्री घरी जवस शिजवले. एक वाटी जवस, सात वाट्या पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येईपर्यंत. गाळायचं मात्र गरम असतानाच, जुन्या धुतलेल्या स्टॉकिंगमधून. गार झालं की तो चिक गाळणीतून उतरत नाही, मग शिव्या द्यायच्या आणि फेकायचं. हे मी तीनदा फेकून शिकलेय. चिकात स्वस्तातला पांढरा कंडिशनर, जवळजवळ लिटरभर. महागाचा काही उपयोग नसतो, निसरडा पाहिजे एवढंच. शिवाय बाटलीत घरचं फिल्टरचं पाणी, कारण आमच्याकडे बोअरचं येतं, त्याने केसांवर खार बसतो आणि ते आणखी एकमेकांना धरून राहतात.

सकाळी पहिला प्रश्न विचारला, "रिलॅक्सर कधी लावलंय?" नाही म्हणाली. हा प्रश्न मी आता आधी विचारते. त्यांच्याकडचं सरळ करायचं क्रीम आणि आपल्याकडचं रिबाँडिंग ही दोन वेगळी रसायनं आहेत. त्यांच्यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा तशाच जातीचं तीव्र अल्कली, आपल्यात थायोग्लायकोलेट. एकावर दुसरं पडलं तर केस हातात येतो, शब्दशः. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचतं कोण.

मग आमच्या मावशी आल्या. झाडू-पोछा, टॉवेल, चहा सगळं त्याच बघतात. त्या दिवशी उपास. मागचा तो नमदा बघितला आणि झाडू खाली ठेवला. "ताई, ही जट आहे. आज गुरुवार, हात लावू नका."

मी म्हटलं, मावशी, वेण्यांचा गुंता आहे, देवीबिवी काही नाही.

"आमच्या गावात एकीची कापली, वर्षात नवरा गेला."

पुण्यात अंनिसची माणसं घरोघर जाऊन बायकांना समजावून जटा काढतात, त्यातल्या एकीची मान सरळ झालेली मी स्वतः बघितली आहे. दहा-बारा वर्षं ते वजन घेऊन ती एका कुशीवर झोपत होती. पण त्या दिवशी वाद घालायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हटलं, "कापत नाहीये, सोडवतेय." त्यावर मावशींना बोलता येईना. सोडवायला देवीची हरकत आहे की नाही, हे गावात कुणी सांगितलेलं नव्हतं. दुपारनंतर त्याच माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि बटा धरून ठेवू लागल्या. त्यांच्याइतके हलके हात माझ्या दोन्ही शिकाऊ पोरींचे नाहीत. त्या पोरींना रील बनवायची घाई असते.

काम सांगते. डोक्याचे दहा भाग केले, बाकीचे क्लिपांनी बांधून ठेवले. एका वेळी एकच भाग भिजवायचा, तोही जेमतेम, बाटलीच्या फवाऱ्याने. वर चिक आणि कंडिशनर ओंजळीने. मग थांबायचं. हे थांबणं शिकवून येत नाही. दहा मिनिटांनी गाठीच्या वरच्या बाजूला, टाळूजवळ, केस चिमटीत घट्ट धरायचे म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. मग शेंड्याकडून, आणि खाली न ओढता आडवं, कापूस पिंजतात तसं बोटांनी फाकवायचं. जिथे बोट जात नाही तिथे शेपटीच्या फणीची लोखंडी शेपटी घालून दोन-दोन केस उचलायचे. फणीचे दाते सगळ्यात शेवटी, तेही मोठे. आपल्या बारीक फण्या उवांसाठी झाल्या आहेत.

दुखलं की ती खांदे आकसायची. एकदा मी घाई केली तर म्हणाली, "पोलेपोले, दादा." स्वाहिलीत पोलेपोले म्हणजे हळूहळू, आणि दादा म्हणजे बहीण. मावशींना हसू आवरेना. काका म्हणजे तिकडे भाऊ. मग दिवसभर मावशी मला दादाच म्हणत होत्या, आणि मी जरा जोर लावला की दोघी एका सुरात, "पोलेपोले."

साडेअकराला दोन भाग झाले होते. आमची एक जुनी गिऱ्हाईक, घट न मांडणारी, फेशियलला आली. खुर्चीभोवती फिरून आली आणि मला मराठीत विचारते, "यांचे केस वाढतच नाहीत ना गं?" आणि हात लावला. विचारलं नाही, लावला. मुलीला मराठी कळत नाही असं तिला वाटलं. तीन वर्षं पीएमटीने फिरणाऱ्या माणसाला एवढं कळतं. ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "वाढतात."

वाढतातच. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, इतक्या घट्ट वळणाच्या केसांचा वेग थोडा कमी, पण थांबत नाही. रडगाणं दुसऱ्या टोकाला असतं. आपला केस आडवा कापून पाहिला तर बराचसा गोल असतो, तिचा चपटा, लंबगोल, आणि दर थोड्या अंतरावर वळसा. प्रत्येक वळसा म्हणजे वाकवलेली तार. तिथेच तुटते. टाळूचं तेल आपल्या केसावरून ओघळत शेंड्यापर्यंत जातं, इथे ते पहिल्या काही वळणांतच अडकतं आणि शेंडे कोरडे ठणठणीत. मुळाशी सेंटिमीटर कमवायचा आणि शेंड्याला सेंटिमीटर घालवायचा, मग लांबी दिसणार कुठून? आफ्रिकेतल्या चाड देशातल्या बासारा जमातीच्या बायका चेबे नावाची बियांची पूड तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात, टाळूला नाही, आणि वेणी घालून ठेवतात. त्यांचे केस कमरेपर्यंत दिसतात त्यामागे मला तरी हेच दिसतं: तुटू न देणं. आपल्या आजीचं न्हाणाआधीचं खोबरेल तरी काय? 2003 साली मुंबईच्या मॅरिकोतल्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल लावून बघितलं होतं. केसातलं प्रथिन धुऊन जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलने. कंपनी खोबरेल विकणारीच, हे मान्य. तरी माझा हात सांगतो की ते खरं आहे. मी तिलाही सांगितलं, धुण्याच्या आदल्या रात्री, फक्त लांबीला.

चारच्या सुमाराला सातवा भाग चालू होता. जेवण नाही, अंगठा बधिर, पाठ मोडलेली. आणि एक चांगला हाताएवढा गोळा एकदम सुटला. लोकरीच्या गुंड्याचं सापडावं तसं एक टोक मिळालं आणि बाकीचं आपोआप. मुलगी ओरडली, मावशी ओरडल्या. मी गप्प झाले.

कारण तसाच गोळा मी आधी एकदा बघितला होता. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी, अशीच एक मुलगी, असाच स्कार्फ. सुदानची होती की इथिओपियाची, ते मी विचारलंही नव्हतं. धुवायला आली होती. मीच धुतले, डोक्यावर गोळा करून, फेस करून. मीच फणी घातली, आणि फणी जाईना तेव्हा मीच म्हणाले, "कापावे लागतील." शनिवार होता, बाहेर चार जणी बसल्या होत्या. तिने मान हलवली. वीस मिनिटांत काम झालं. केराच्या सुपलीत तो गोळा उचलताना मला वाटलं होतं, हे केसच असे, यांचं असंच होणार.

या गुरुवारच्या दुपारपर्यंत मला तेच वाटत होतं. म्हणजे, तिचं वाईट वाटायचं, पण दुसरा इलाज नव्हता असं वाटायचं.

सात वाजता संपलं. मानेवरचा एक गोळा, रुपयाएवढा, सुटला नाही. तिला विचारून, आरसा मागे धरून, तेवढाच कापला. शेंड्यांना एकेका केसाला आपोआप बसलेल्या बारीक गाठी होत्या, त्या गाठीच्या वर कात्री लावून उडवल्या. फणीने ओढल्या असत्या तर तुटून वर फाटे गेले असते. निघालेल्या केसांचा ढीग नारळाएवढा. ती बघून घाबरली, तर मी पांढऱ्या टॉवेलवर थोडे पसरून दाखवले. ज्याच्या टोकाला पांढरा बारीक मणी तो आपला आपण गळलेला, त्याचं रडू नकोस. मणी नाही तो तुटलेला. दहातले एक-दोन तुटलेले निघाले. त्यातले माझे किती आणि त्या काळ्या युनिफॉर्मवाल्याचे किती, ते कळायला मार्ग नाही.

धुऊन झाल्यावर केस आकसून कानापर्यंत आले आणि तिचा चेहरा पडला. मी टेप आणली. मागची एक बट सोडली तर आठ सेंटिमीटर, ताणली तर चोवीस. तिने टेपसकट फोटो काढून आईला पाठवला. पैसे विचारले. नऊ तासांचे किती सांगायचे, मला सुचेना, पंधराशे म्हटलं. वेण्या लगेच घालू नकोस, घातल्यास तर आठ आठवड्यांच्या वर ठेवू नकोस, कपाळाशी इतक्या घट्ट नकोत की झोप लागणार नाही, झोपताना सॅटिनचं कापड. ती हो हो म्हणत होती. पोरं हो म्हणतातच.

मावशी गेल्या, शटर अर्धं ओढलं आणि मी जुन्या वह्या काढल्या. गिऱ्हाइकांचे फोन नंबर मी लिहून ठेवते, वाढदिवसाला मेसेज करायला. 2019 ची वही सापडली, तो शनिवारही सापडला. वर एक हेअर स्पा आहे, नावासकट. खाली दोन आयब्रो, नावासकट. मध्ये माझ्याच अक्षरात: "आफ्रिकन, धुणे + कट, 200." नाव नाही, नंबर नाही.