तुम्ही विचारलंत म्हणून: एआयवरच्या नाटकात यंत्र दाखवतात कसं?

'मार्जरी प्राइम' या एआयवरच्या नाटकाचा विषय निघाला की नाटकवाल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: स्टेजवर एआय दाखवतात कसं? पडद्यावर? प्रोजेक्शन, निळा उजेड, आवाजाला एको?

यातलं काहीही लागत नाही. एक नट येऊन बसतो आणि बोलू लागतो.

जॉर्डन हॅरिसनचं हे नाटक 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये झालं. पुढच्या वर्षी ते पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. डिसेंबर 2025 मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, तेव्हा 96 वर्षांच्या अभिनेत्री जून स्क्विब मार्जरी झाल्या. मार्जरी पंच्याऐंशीची, आठवणी निसटू लागलेली. तिच्यासमोर तिशीतला देखणा वॉल्टर बसलेला असतो. तो तिचा दिवंगत नवरा, म्हणजे त्याचा 'प्राइम': गेलेल्या माणसाच्या रूपात बोलणारा एआय. घरच्यांनी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक. पलीकडचं काही विचारलं, तर ती माहिती आपल्याकडे नाही, असं अदबीनं सांगतो.

माझ्या दृष्टीनं सगळं नाटक या एका अटीवर उभं आहे. वॉल्टरनं लग्नाची मागणी घातली त्या रात्री दोघांनी एक साधासा सिनेमा पाहिला होता. मार्जरी सुचवते, आपण 'कॅसाब्लँका' पाहिला असं ठेवूया. पुढच्या वेळी बोलू तेव्हा तेच खरं झालेलं असेल. ऐकताना गंमत वाटते. मग कळतं की या घरात डेमियन नावाचा मुलगा होता, त्यानं आत्महत्या केली, आणि त्याचं नाव वर्षानुवर्षं कुणी काढलेलं नाही. प्राइमला काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे जिवंत माणसं ठरवतात. त्यांचं दुःख मला त्या निवडीत दिसतं.

आणि मार्जरी गेल्यावर? तीच अभिनेत्री आता मार्जरीची प्राइम होऊन बसते. मघाशी अडखळणारी, हट्टी, मधूनच टोचून बोलणारी बाई आता शांत, प्रसन्न, ऐकायला तत्पर. समोर मुलगी टेस. आईशी तिचं कधी नीट जमलं नाही, आणि आता आई कशी होती हे तिनंच सांगायचं. टेस त्या चेहऱ्यात आपली आई शोधते. आपणही शोधतो, कारण ती बाई आपण अर्ध्या तासापूर्वी डोळ्यांनी पाहिलेली असते. प्रोजेक्शननं हे साधणार नाही. त्यासाठी तेच शरीर लागतं.

खऱ्या आयुष्यात असं नंतर घडलं. रोमन माझुरेंको नावाचा तरुण 2015 च्या अखेरीस मॉस्कोत अपघातात गेला, आणि युजीनिया कुइडा या त्याच्या मैत्रिणीनं त्याच्या मेसेजेसवरून त्याच्यासारखा बोलणारा चॅटबॉट बनवला. हॅरिसनला भविष्य आधी दिसलं, असं लोक कौतुकानं म्हणतात. मला मोठी वाटते ती त्याची रंगमंचाची समज.

म्हणून कुणी मराठीत करायचं म्हटलं, की मी नेपथ्याआधी मार्जरीबद्दल विचारते. दोन्ही प्रवेश पेलणारी ज्येष्ठ अभिनेत्री मिळाली का? मिळाली असेल, तर तिला यांत्रिक चाल, सपाट आवाज यातलं काही करायला लावू नका. टेस बोलत असताना तिनं फक्त मन लावून ऐकावं.