खबर काढायला जाताना

परवा रावपुऱ्यातल्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या मोठ्या भावाला ‘आता घरीच सेवा करा’ असं सांगून दवाखान्यातून घरी पाठवलंय. पण मित्राला भावाहूनही वहिनीची काळजी लागली होती. ती रडत नाही, बोलत नाही, दिवसभर ओट्यापाशी काहीतरी घासत बसते. ‘तू यातून गेलायस, काय करू सांग,’ म्हणाला. फोनवर सुचलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो.

माझी बायको 2022 च्या श्रावणात गेली. ओव्हरीचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. केमो थांबवल्यावर शेवटचे महिने ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरीच होती.

आपल्या बडोद्यात आजाऱ्याची खबर काढायला येण्याची रीत मोठी. लोक खरंच मायेने येतात, शहाळी आणतात. पण पलंगाशी बसल्यावर काय बोलावं ते कुणाला कळत नाही. मग वैद्यांचे पत्ते निघतात, कुणाच्या तरी काकूंना व्हीटग्रासने कसा गुण आला ते निघतं. ‘तुम्हाला काही होत नाही हो’ हेही निघतंच. ती हसून मान हलवायची आणि लोक गेले की भिंतीकडे तोंड करून पडायची. मला मात्र रिपोर्ट आणि खर्च, एवढंच विचारायचे. रात्री कोण उठतं, हे विचारणारे फार थोडे.

त्या थोड्यांतला एक माझा मांजलपूरचा आतेभाऊ. ‘काही लागलं तर सांग’ असं तो कधी म्हणाला नाही. म्हणाला, ‘मंगळवार आणि शुक्रवारची रात्र माझी.’ आणि यायचाच. समोरच्या गुजराती मासी दुपारी मेथीची जुडी घेऊन तिच्याजवळ येऊन बसायच्या, पानं खुडत राहायच्या आणि मला म्हणायच्या, ‘भाई, तमे सूई जाओ.’ दोघी फारशा बोलायच्याही नाहीत. मी आतल्या खोलीत गाढ झोपायचो. ती झोप मिळाली नसती तर मी तिच्यावर ओरडलो असतो, इतका थकलो होतो.

घरात सगळ्यात जास्त भांडणं जेवणावरून व्हायची. ‘दोन घास तरी खा,’ मी म्हणायचो, मुलगी म्हणायची, तिची आई फोनवरून म्हणायची. ती आमच्यासाठी गिळायची आणि उलटी करायची. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, सिस्टर घरी यायच्या, त्यांनी एकदा आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून समजावलं. शेवटच्या टप्प्यात शरीराला अन्न पचवता येत नाही. भूक मरते ती आजारामुळे, आपण खाऊ घालायला कमी पडतो म्हणून नव्हे. बळजबरी केली तर त्रास वाढतो, घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मागेल तेव्हा मागेल तेवढं द्या, ओठ आणि जीभ ओली ठेवा. त्या दिवसापासून आमच्या घरातलं ते युद्ध संपलं. वाटीत पाणी घ्यायचं, बोटाला मऊ सुती फडकं गुंडाळून बुडवायचं, पिळायचं आणि हिरड्यांवरून हळूच फिरवायचं. ती डोळे मिटून घ्यायची. बत्तीस वर्षं तिने मला वाढलं होतं, आता माझ्या हाताला तेवढं काम मिळालं.

दुसरी भीती मॉर्फिनची, म्हणजे दुखणं थांबवायच्या अफूपासूनच्या औषधाची. माझा मेहुणा म्हणाला, सवय लागेल, आणि म्हणे त्याने माणूस लवकर जातो. डॉक्टरांनी दोन्ही शंका काढून टाकल्या. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट मोजून दिलं तर व्यसन क्वचितच लागतं, आणि त्याने मरण ओढवत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून जोडीला पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे कित्येक वर्षं दवाखाने हे औषध ठेवायलाच धजत नसत, 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. तुमच्या माणसाला दुखत असेल तर संकोच न करता मागा. पलंगावर कुणी कण्हत असलं की घरातलं दुसरं कुणीही धड झोपत नाही, जेवत नाही.

आणि खरं बोलायचं की नाही? नातेवाईकांचा आग्रह होता, तिला सांगू नका, खचेल. एका संध्याकाळी तिनेच विचारलं, ‘अहो, मी आता बरी होणार नाहीये ना?’

मी ‘नाही’ म्हणालो.

बराच वेळ आम्ही दोघं रडलो. मग तिने चहा मागितला, दोन घोट घेतले आणि बोलायला लागली. लॉकरची किल्ली कुठे, मोहनमाळ कुणाला. गौरींचे मुखवटे इंदूरला धाकट्या जावेकडे द्यायचे. ‘पण यंदा राहू दे, यंदा सूतक-वर्ष असेल. पुढच्या वर्षीपासून.’ पुरणाला डाळ किती, गूळ किती, ते तिने जावेला फोनवर लिहून घ्यायला लावलं. मी सांगितलं नसतं तर हे सगळं तिने एकटीने मनात ठेवलं असतं. म्हणून मी म्हणतो, विचारलं तर खोटं बोलू नका. न विचारता अंगावर टाकू नका, हेही तितकंच खरं.

मित्राच्या वहिनीचं झालंय तसं, माणूस जिवंत असतानाच त्याच्या जाण्याचं दुःख सुरू होतं. मी दुकानाच्या रांगेत उभा राहून तिच्यामागे मी कसा जगेन याचा विचार करायचो आणि मला स्वतःची लाज वाटायची. मानसशास्त्रात हे 1944 पासून नोंदलेलं आहे, हे पुढे वाचलं तेव्हा मन हलकं झालं. वहिनीला कुणीतरी हे आत्ताच सांगा. आम्हाला तेव्हा नव्हती, पण ऑक्टोबर 2022 पासून मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, रात्रीही चालू असते, पैसे लागत नाहीत. मध्यरात्री भावांना उठवायला जीव धजत नाही, तेव्हा तिथे बोलता येतं.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. आतेभाऊ तेव्हाही येत राहिला. गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर होतं, बँकेत नॉमिनीचे फॉर्म भरायचे होते, आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत काउंटरवर सरकवताना माझा हात थरथरायचा. तो शेजारी उभा राहून फॉर्म भरायचा, मी फक्त सही करायचो.