भिजलेला टॅबर्ड

लंडनमध्ये संसद विसर्जित झाली की काही दिवसांनी ती घोषणा एडिनबरोच्या मर्कॅट क्रॉसवरून, म्हणजे जाहीर घोषणांच्या जुन्या जागेवरून, वाचतात. एके काळी घोडेस्वाराला उत्तरेत पोचायला वेळ लागायचा, त्याची ही आठवण. वाचन करतात लॉर्ड लायन, म्हणजे स्कॉटलंडच्या कुलचिन्हांचे प्रमुख अधिकारी. सोबत त्यांच्या हाताखालचे अधिकारी, म्हणजे हेराल्ड आणि त्यांच्याही खालचे पर्सिव्हंट, उभे असतात. 1885 साली नव्याने उभारलेल्या या अष्टकोनी वास्तूच्या सज्ज्याला छप्पर नाही, आणि त्या दिवशी वाचन चालू असतानाच पावसाची सर आली.

समारंभी वस्त्रांच्या जतनाचं काम आमच्याकडे होतं. टॅबर्ड म्हणजे हे अधिकारी घालतात तो राजचिन्ह भरलेला अंगरखा. त्याच्या कापडावरून पद कळतं: लॉर्ड लायनचा मखमलीचा, हेराल्डांचा साटीनचा, पर्सिव्हंटांचा दमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, रेशमाचा. आधी पर्सिव्हंटाचा टॅबर्ड हाती घेतला.

तो दोघांनी मिळून खांद्यांवरून उचलायचा. टांगायचा तर मुळीच नाही. त्यावरची जरीची तार कापडात विणलेली नसते. ती वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी धरलेली असते. ओल्या कापडाचं वजन खांद्यावर आलं की तेच टाके आधी तुटतात.

टेबलावर स्वच्छ सुती चादर, तिच्यावर टॅबर्ड सपाट, पुढच्या-मागच्या भागांमध्ये पांढरा टिपकागद. कागद नुसता दाबायचा, घासायचा नाही. दुसराच कागद गुलाबी होऊन निघाला तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं.

स्कॉटलंडमध्ये राजचिन्हाच्या पहिल्या आणि चौथ्या चौकटीत सोनेरी भूमीवर लाल सिंह असतो, दुसरीत लाल भूमीवर इंग्लंडचे तीन सोनेरी सिंह, तिसरीत निळ्यावर आयर्लंडची हार्प. म्हणजे पहिली आणि दुसरी चौकट जिथे भिडतात, तिथे सोनेरी आणि लाल रेशीम शेजारी येतं. जुना लाल रंग सुटला की पाण्याबरोबर सोनेरी भागात शिरतो आणि पाणी जिथे सुकतं तिथे त्याची कड उमटते. ती कड नंतर जवळजवळ निघतच नाही.

त्यामुळे पाणी आडवं पसरू न देता खाली ओढून घ्यायचं होतं. अस्तराची शिवण थोडी उसवून त्या सीमेखाली टिपकागदाच्या पट्ट्या सरकवल्या आणि कागद पांढरा निघेपर्यंत बदलत राहिलो. पंखा थंड हवेचा आणि लांब ठेवलेला. केस वाळवायचं यंत्र जवळ आणू दिलं नाही, कारण उष्णतेने रंग बसतो आणि रेशीम आक्रसतं. हातात नायट्राइल रबराचे मोजे, कारण घामाने जरीतली चांदी काळवंडते.

सोनेरी भूमी वाचली. दुसऱ्या दिवशी खांद्यावर सुटलेली जरीची तार न कापता जागेवर बसवली आणि वाकड्या सुईने, रेशमी धाग्याने पुन्हा धरली. पूर्ण सुकल्याची खात्री झाल्यावरच घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालून टॅबर्ड खोक्यात सपाट ठेवला. प्लास्टिकचं आवरण टाळलं. आत दमटपणा कोंडतो.