कोळंबीची डोकी, मळी आणि कोंडा

रत्नागिरीत आमचं मूळ काम पशुखाद्य विकण्याचं. 2021 साली सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांवर गेलं, पेंडही तशीच चढली आणि कोंबडीवाली गिऱ्हाइकं एकेक करून नुसत्या मक्यावर नि कणीवर आली. मक्यात लायसिन (अंड्यांसाठी लागणारा प्रथिनांचा एक घटक) कमी, त्यामुळे अंडी घटायला वेळ लागत नाही. इकडे मिरकरवाड्यात कोळंबी सोलली की वजनाचा निदान तिसरा हिस्सा डोकी आणि सालं म्हणून फेकला जायचा. त्यातही प्रथिनं असतात; ते आंबवून कोंबड्यांना खाऊ घालणं काही आमचा शोध नव्हे. कोचीच्या 'सिफ्ट'मध्ये, म्हणजे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत, मासळीच्या सायलेजवर (आंबट करून टिकवलेल्या खाद्यावर) फार आधीपासून काम झालंय. आम्ही ते धंद्यात आणलं, एवढंच.

कृती सोपी. माल भरडायचा, 100 किलोला 15 किलो मळी (साखर कारखान्यात उरणारा काळा, गोड पाक), लॅक्टिक जिवाणूंचं विरजण, आणि पिंप झाकून ठेवायचं. सामू (पीएच) साडेचारच्या खाली उतरला, म्हणजे माल पुरेसा आंबट झाला, की कुजवणारे जंतू टिकत नाहीत. नुसत्या मासळीला मळी कमी पुरते. कोळंबीच्या सालात मात्र चुना असतो, तयार होणारं आम्ल तोच गिळतो; इथे काटकसर केली की पिंप नासलंच. जमलेलं पिंप उघडलं की नारिंगी, सरबरीत माल दिसतो आणि वास लोणच्याच्या खारासारखा आंबूस. त्याला उकळी देऊन भाताच्या कोंड्यात कालवतो, वाळवतो, पोती भरतो.

खरी कसरत त्याआधीची. पाचकरस डोक्यात असतात, म्हणून आधी डोकीच काळी पडतात. आंबवल्याने शिळा माल ताजा होत नाही. सोलणाऱ्या मावश्यांना आम्ही टोपलीमागे पैसे देतो, पण टोपली बर्फावर ठेवलेली असेल तरच. "कचऱ्याला बर्फ? दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" हे बरेच दिवस ऐकून घेतलं. आता गाडीला उशीर झाला की त्यांचाच फोन येतो.

गिऱ्हाइकांची तऱ्हा उलटी. कोळंबीच्या रंगाने बलक छान केशरी होतो, म्हणून जो तो दुप्पट घालायला बघतो. आम्ही एकूण खाद्याच्या 5 टक्क्यांपुढे जाऊ नका म्हणतो. जास्त झालं तर अंड्याला मासळीचा वास लागतो, शिवाय सालाला कडकपणा देणारं कायटिन कोंबडीला फारसं पचत नाही. मांसासाठीच्या पक्ष्यांना विक्रीआधी आठवडाभर बंदच. एका पोल्ट्रीवाल्याने मनाचं प्रमाण घातलं, अंडी हॉटेलातून परत आली आणि खापर आमच्या पोत्यावर फुटलं. तेव्हापासून पोत्यावर प्रमाण ठळक छापतो, सोबत मापटंही देतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. आंबवलेला माल महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे मे महिन्यातच पिंपं भरून ठेवतो. पावसात अडतं ते वाळवणीपाशी. कोंडा दमट राहिला की बुरशी धरते, आणि भट्टीवर वाळवावं तर नफा लाकडातच जातो. म्हणून पावसाळ्यात जवळच्यांना ओला मालच कॅनमधून देतो, रोजच्या रोज खाद्यात कालवायला. घाटावरच्या गिऱ्हाइकांना दसऱ्यापर्यंत थांबा म्हणून सांगतो.