दोन पिल्लं आणि येणारी-जाणारी माणसं

पिल्लं घरी आली तेव्हा आठ आठवड्यांची झाली होती. एकाच वेतातली, बहीण आणि भाऊ. बाकीची भावंडं आधीच आपापल्या घरी गेली होती आणि ही दोघंच उरली होती. त्यातल्या एकाला उचलून दुसऱ्याला मागे ठेवणं ना मला जमलं ना नवऱ्याला. बहिणीच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून ती ठिपकी. भाऊ भुरा, म्हणून भुऱ्या. आमच्या पशुवैद्य बाईंनी पहिल्याच भेटीत दोघांना तपासलं, वजनं केली आणि म्हणाल्या, "दोन पिल्लं एकत्र वाढवता येतात. फक्त दोघांचा मिळून एक कुत्रा होऊ देऊ नका. प्रत्येकाला तुम्ही वेगळे मिळायला हवेत."

त्या असं का म्हणाल्या, ते लवकरच दिसायला लागलं. दोन पिल्लं एकमेकांना पुरून उरतात. खेळायला जोडीदार आहे, झोपताना ऊब आहे, चावायला कान आहे, मग माणसाकडे बघायचं कशाला? हाक मारली की आधी दोघं एकमेकांकडे बघायची. ठिपकीला नुसतं शेजारच्या खोलीत नेलं, तरी भुऱ्या रडून घर डोक्यावर घ्यायचा. कुत्र्यांचे प्रशिक्षक याला 'लिटरमेट सिंड्रोम' म्हणतात. तो तपासणीत सापडणारा आजार नाही आणि प्रत्येक जोडीत दिसतो असंही नाही. पण बहीणभाऊ एकत्र वाढवणाऱ्याने त्याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

आम्ही दोघांना वेगळे क्रेट, म्हणजे झोपायचे-बसायचे पिंजरे, घेतले. सुरुवातीला ते चिकटून ठेवले, मग रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेलं. जेवणाच्या वाट्या खोलीच्या दोन टोकांना. एक जण क्रेटमध्ये चावायचं खेळणं घेऊन बसलेला असताना दुसऱ्याशी मी दहा मिनिटं खेळायचे, नावाने हाक मारायचे, आलं की खाऊ द्यायचे. मग अदलाबदल. यात दिवसाचा बराच वेळ जातो आणि नोकरी सांभाळून हे करणाऱ्याला घरातल्या दुसऱ्या माणसाची साथ लागतेच. सुदैवाने या वयाची पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. ती झोप मोडायची नाही हा आमच्या घरातला पहिला नियम होता, कारण झोप अपुरी झालेलं पिल्लू जास्त चावतं, जास्त भुंकतं आणि काही केल्या शांत होत नाही.

शी-शूची सवय लावायलाही दोघांना वेगवेगळं न्यावं लागलं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर बाहेर न्यायचं, हे गणित सगळ्या पिल्लांना सारखंच लागू. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांच्या वर धरू शकत नाही, अनेकदा तेवढंही नाही. पण दोघांना एकत्र सोडलं की खेळ सुरू होतो आणि बाहेर आलो कशासाठी तेच विसरायला होतं. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पातळ शी नक्की कोणाला झाली. मी एक वही केली होती आणि तिच्यात दोघांचे वेगळे रकाने ठेवले होते. ठिपकीचं पोट बिघडलं तेव्हा पशुवैद्य बाईंना नेमकं सांगता आलं ते त्या वहीमुळेच. घरात जिथे शू होईल तिथे एन्झाइमचं क्लीनर वापरायचं. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं, तर पिल्लाला तिथे पुन्हा शू करावीशी वाटू शकते.

आता नातेवाइकांकडे वळते, कारण माझी खरी काळजी तिथे होती.

पिल्लांच्या वयात एक अवघड पेच असतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्यांचं मन नव्या गोष्टींसाठी सर्वांत मोकळं असतं. या काळात भेटलेली माणसं, आवाज, चालण्याच्या तऱ्हा त्यांना पुढे आयुष्यभर नेहमीच्या वाटतात. नेमक्या याच काळात लसीकरण मात्र अपुरं असतं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्यं लसीला अडवतात आणि ती कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत, लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे कुठेही खाली सोडायची सोय नाही. घरात कोंडून ठेवावं तर मन घाबरट होतं, बाहेर न्यावं तर जिवाला धोका.

आम्ही वाट काढली ती अशी. बाहेरचं जग कडेवरून दाखवायचं आणि माणसांना घरी बोलवायचं. चपला-बूट दाराबाहेर, हात धुऊन आत. ज्यांच्या कुत्र्याचं लसीकरण पूर्ण आहे हे माहीत आहे त्यांनी खुशाल यावं. ज्यांच्याकडे आजारी कुत्रा आहे त्यांना मी मोकळेपणाने थांबायला सांगितलं, आणि कोणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

पहिली आली ती नणंद, तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन. लहान मूल आणि लहान पिल्लू यांची भेट सगळ्यांना गोड वाटते, मला त्यात सर्वांत जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. पिल्लाच्या तोंडात अठ्ठावीस दुधाचे दात असतात, आणि ते सुईसारखे टोकदार असतात. मूल पळालं की पिल्लू मागे पळतं, मूल किंचाळलं की ते आणखी चेकाळतं. म्हणून भाचीला मी आधीच खेळ शिकवून ठेवला. पिल्लू अंगावर आलं की पुतळा व्हायचं, हात पोटाशी आणि नजर वर. ती जमिनीवर मांडी घालून बसली, तिची आई शेजारी, आणि मी आधी एकट्या ठिपकीला आणलं. उचलायचं नाही, मिठी मारायची नाही, पिल्लू आपणहून आलं तर छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा. ठिपकी सरळ तिच्या मांडीत जाऊन बसली.

भुऱ्याची पाळी आली तेव्हा तो दोन पावलं पुढे आला, मग त्याने जांभई दिली, जीभ नाकावरून फिरवली आणि तोंड वळवलं. झोप आली म्हणून ही जांभई नव्हती. कुत्र्याला अवघडल्यासारखं वाटलं की तो असं सांगतो. डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं हीसुद्धा त्याच भाषेतली वाक्यं. आपण ती ऐकली नाहीत तर पुढचं वाक्य गुरगुरण्याचं असतं.

भाची म्हणाली, "मामी, त्याला मी आवडत नाही का?"

"त्याला अजून थोडा वेळ हवाय. तू खाऊ तिथे लांब टाक, त्याला वाटलं तर तो येईल."

तो आला, खाऊ घेतला आणि परत गेला. तेवढ्यावर मी त्या दिवसाची भेट संपवली. पिल्लाला आणखी थोडं थांबावंसं वाटत असतानाच भेट संपवावी. तो शहाणा झालाय म्हणून ताणत नेऊ नये.

पिल्लू खेळता खेळता चावलं आणि कातडी फाटली तर काय, हे नणंदेने विचारलं आणि ते विचारायलाच हवं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची, मग पिल्लू घरचं असो की कोणाचं. रेबीजची लस पिल्लांना साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास मिळते, त्याआधी त्यांना ते संरक्षण नसतं.

मावशीची गोष्ट वेगळी. तिचं प्रेम भरवण्यातून व्यक्त होतं आणि तिला "काही देऊ नकोस" म्हणणं मला बरं वाटेना. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोष्टी कुत्र्यांना विषारी असतात, हे मी तिला शांतपणे सांगितलं. मग दाराजवळच्या फळीवर एक डबा ठेवला. त्यात पिल्लांच्याच रोजच्या खाण्यातला वाटा, सकाळी मोजून काढलेला. येणाऱ्याने त्यातून हवं तेवढं द्यावं, फक्त पिल्लू बसल्यावर. मावशी खूश झाली, आणि पिल्लं बसायला शिकली ती बरीचशी तिच्यामुळे. तिच्यात चिकाटी फार.

लसी पूर्ण झाल्यावर आम्हाला आईकडे जायचं होतं. आई लहानपणापासून कुत्र्यांना घाबरते. तिची भीती खरी आहे आणि तिच्या घरात तिचाच शब्द चालावा, असं मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलं होतं. गाडीची सवय आधीपासून लावत आणली होती. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी रचना पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांना गाडी लवकर लागते. पोट जवळजवळ रिकामं, क्रेट नीट बांधलेला, आणि सुरुवातीच्या फेऱ्या अगदी छोट्या. पहिल्यांदा तर बंद गाडीत नुसतं बसून खाऊ खाल्ला आणि घरी आलो.

आणि दोघांना एकत्र नेलं नाही. ठिपकी माझ्याबरोबर आली, भुऱ्या नवऱ्याजवळ घरी राहिला.

आई खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन. "तिला माझ्याकडे येऊ देऊ नकोस हं."

"नाही येऊ देणार. पट्टा माझ्या हातात आहे. तू सांगशील तेव्हाच."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला सतरंजी पसरली, ठिपकीला चावायचं खेळणं दिलं आणि आईशी इतर गप्पा मारत बसले. ठिपकीविषयी कोणी काही बोललं नाही. घाबरणाऱ्या माणसाला कुत्रा दाखवून "बघ किती गोड आहे" म्हणण्याने भीती जात नाही. कुत्रा आपल्यापर्यंत येणार नाही, ही खात्री पटली की जाते. निघताना आईचे पाय जमिनीवर होते.

पुढच्या वेळी भुऱ्याला नेलं, आणि त्या दिवशी मला माझं पिल्लू नव्याने भेटलं. घरी तो नेहमी ठिपकीच्या आडून जगाकडे बघायचा. इथे आडोसा नव्हता. थोडा वेळ माझ्या पायाशी थरथरला, मग उठून खोलीचा एकेक कोपरा हुंगून आला, माझ्याकडे बघितलं, परत गेला. मी हाक मारली की वळून येत होता. दोघं एकत्र असताना मी त्याला भित्रा समजत होते, पण तो सावकाश होता एवढंच. त्याला स्वतःच्या गतीने पुढे जायला जागा हवी होती. आईलाही तो जवळचा वाटला तो यामुळेच. "हा अंगावर येत नाही," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने हात खाली सोडला. तो हुंगून बाजूला जाऊन झोपला.

घरी मागे राहिलेल्या पिल्लाचं रडणं हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण प्रकरण होतं, ते मान्य करते. त्यालाही पायऱ्या होत्या. आधी दाराआड मिनिटभर, मग खालपर्यंत जाऊन येणं, मग छोटी चक्कर. पूर्ण एकटं कधीच नाही, कोणीतरी माणूस जवळ. रडणं वाढायच्या आत परत यायचं, म्हणजे एकटेपणाची भीती मुरत नाही.

चौथ्या महिन्यानंतर दुधाचे दात पडायला लागले आणि चावणं पुन्हा वाढलं, तेव्हा गार, ओलं फडकं कामाला आलं. नर-मादी भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट वेळेत ठरवावी लागते. सहा महिन्यांच्या आसपास, जातीप्रमाणे पुढेमागे, मादी माजावर येते आणि भाऊबहीण हे नातं कुत्र्यांना अडवत नाही. नसबंदी कधी करायची ते आम्ही पशुवैद्य बाईंशी बोलून आधीच नक्की केलं होतं.

आता आईकडे दोघंही जातात. दोन पट्टे, दोन माणसं, आणि आत शिरायची वेळ वेगळी. परवा तिनेच फोनवर सांगितलं, "दोघांना आण, पण आधी भुऱ्याला आत घे. ठिपकी उडी मारते." खरं आहे, मारते. चारही पाय जमिनीवर असले तरच कौतुक, नाहीतर आम्ही पाठ फिरवतो, असं सध्या चालू आहे. मावशी मात्र उडीवरही खाऊ देते, तेव्हा तिच्याशी एकदा बोलायचं आहे.