परळचा शिक्का

दहाव्या बैठकीला मी तात्यांकडे आठवणी मागितल्या नाहीत, कागद मागितले. शब्दांकनाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या आठवणी ऐकून त्यांचं पुस्तक लिहून देण्याच्या कामात हा दिवस मी मुद्दाम उशिरा ठेवते. पहिल्याच भेटीत कागद काढले की माणूस कागदाकडे बघून बोलायला लागतो आणि हाती येतात नुसत्या तारखा. अगदी शेवटी काढले तर लिहून झालेली प्रकरणं मोडावी लागतात. आमच्या चौदा बैठका ठरल्या होत्या, प्रत्येक दीड तासाची. त्यामुळे दहावी योग्य होती.

तात्या कोयनेच्या खोऱ्यातल्या पाटण तालुक्यातले. साठच्या दशकात बदली कामगार म्हणून, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम करायला, परळच्या गिरणीत आले, साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात रुळले आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तोवर साच्यांवरच होते. पुस्तक नातवंडांसाठी होतं. लेखक म्हणून तात्यांचं नाव, खाली लहान अक्षरात ‘शब्दांकन’ म्हणून माझं, हक्क त्यांचे, आणि ते ‘काढा’ म्हणतील तो मजकूर काढायचा, असं दोन पानी करारात आधीच लिहून घेतलं होतं. हे तोंडी ठेवलं की पुढे भांडण ठरलेलं, तेही बहुतेक वेळा घरच्यांशी.

सूनबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, जुनं रेशनकार्ड, भिशीची वही, आणि तळाशी मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा, ताण्याच्या सुतानं बांधलेला. माझी पद्धत साधी आहे. एकेक कागद दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपायचा, क्रमांक पाकिटावर पेन्सिलीनं घालायचा, कागदावर नाही. घडी दाबून सरळ करायची नाही, कारण जुना कागद घडीवरच फाटतो. फाटलेल्याला सेलोटेप तर कधीच लावायची नाही. काही वर्षांत तो डिंक पिवळा पडतो आणि खालची शाईही घेऊन जातो. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण आजवर ज्या ज्या पुस्तकाला आधार सापडला तो ह्याच कंटाळ्यात.

तेविसावी पावती वीस रुपयांची होती, आईच्या नावे. शिक्का गोल, अर्धा पुसट. भिंगाखाली ‘परळ’ आणि १२ डिसेंबर १९६७ एवढं स्वच्छ वाचता आलं.

मी लगेच काही बोलले नाही. प्रत्येक पुस्तकासाठी मी एक कालपट करते, तीन रकान्यांचा: सांगणारा काय म्हणतो, तेव्हा जगात काय चाललं होतं, आणि कागद काय सांगतो. जुन्या माणसांना सन आठवत नाहीत, खुणा आठवतात. पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, गिरणीचा संप. खूण पक्की असली की सन आपण लावायचा. तिथी सांगितली तर त्या वर्षाचं पंचांगच उघडायचं. कालनिर्णय १९७३ पासूनचं, त्याआधीच्या सालाला त्याचा उपयोग नाही. तात्या म्हणाले होते, ‘भूकंप झाला तवा दत्तजयंती तोंडावर आली व्हती.’ ते जुळत होतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, सोमवारचा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा, आणि दत्तजयंती त्याच आठवड्यात.

जुळत नव्हतं ते पुढचं. सहाव्या बैठकीत तात्यांनी सांगितलं होतं की त्या पहाटे ते गावी होते, भिंत पडली तेव्हा आईला हाताला धरून त्यांनीच बाहेर ओढलं, आणि आठ दिवस तिच्या उशाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी परळच्या पोस्टात उभा राहिलेला माणूस तो कसा असेल?

अशा वेळी सांगणाऱ्यावर संशय घेण्याआधी कागदावर घ्यावा. पावती दुसऱ्या कुणी केलेल्या मनीऑर्डरची असेल का? खोलीतला एखादा गाववाला तात्यांचे पैसे भरायला गेला असेल का? असू शकतं. म्हणून मी खूणवही उघडली. ध्वनिमुद्रण ऐकताना दर पाच-सात मिनिटांना वेळ आणि विषय टिपून ठेवते ती ही वही. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला मला पाच तास लागतात, आणि ही वही नसती तर एक वाक्य शोधायला परत तेवढेच लागले असते. तिसऱ्या बैठकीत, बेचाळिसाव्या मिनिटाला, खानावळीचं वर्णन करताना तात्या ओघात बोलून गेले होते: ‘भूकंपाला फळीवरच्या थाळ्या धडाधड पडल्या, आमी उशाला काय व्हतं ते घिऊन जिन्यात पळालो.’ धक्का मुंबईतही जाणवला होता. म्हणजे ते मुंबईत होते.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. थाळ्यांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, अडखळत, मध्येच. आईला ओढल्याची गोष्ट दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याच शब्दांत. शब्द न् शब्द तोच असला की ती गोष्ट खूपदा सांगून गुळगुळीत झालेली असते. तिथं आजूबाजूचं विचारावं: पायात काय होतं, दार कुठल्या अंगाला, आधी आवाज आला की धूळ? मी ते विचारलं नव्हतं. सहाव्या बैठकीत मी त्या गोष्टीत वाहून गेले, आणि हे माझ्या कामातलं चुकणं होतं.

मुलगा कामावर जाईपर्यंत मी थांबले. घरच्यांसमोर असली दुरुस्ती काढायची नाही. माणूस तरी खोटा पडतो, नाही तर गोष्टीला आणखी घट्ट धरून बसतो. पंखा बंद केला, रेकॉर्डर नेहमीसारखा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, नाही तर टेबलाचा प्रत्येक ठोका त्यात येतो. मग पावती पुढे केली आणि एवढंच विचारलं, ‘तात्या, हे पैसे भरलेले आठवतात का?’

त्यांनी भिंग घेतलं. पावती उजेडाकडे धरली, परत खाली ठेवली, अंगठ्यानं घडीवरून हात फिरवला. ध्वनिमुद्रणात इथं चार मिनिटांची शांतता आहे. मी ती तोडली नाही. अशा वेळी लिहिणाऱ्यानं दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचं उत्तर गेलंच.

‘बदलीवाला व्हतो, ताई,’ ते म्हणाले. ‘गेटावर रोज उभं ऱ्हायचं. काम मिळंल तर मिळंल. चार दिस न्हाई दिसलो तर मुकादम दुसऱ्याला घेनार. म्हनून पैशे धाडले. गेलो न्हाई.’ आईला धाकट्या भावानं काढलं होतं. तात्या गावी पोचले ते महिन्यानं. पुढे गावच्या पारावर कुणीतरी ‘तू हुतास का रं?’ विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि तिथून ती गोष्ट वाढत गेली.

रेकॉर्डरकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘ह्ये ऱ्हाऊ दे.’ मी ते ध्वनिमुद्रण ठेवलं, पण पुस्तकात लिहायचं की नाही हे त्याच बैठकीत विचारलं नाही. हळवा झालेला माणूस हो म्हणतो आणि चार दिवसांनी पस्तावतो. आठवड्यानं दोन मसुदे वाचून दाखवले. एकात भूकंपाचं पान गाळलेलं, दुसऱ्यात थाळ्या, जिना, गेट आणि वीस रुपये, सगळं त्यांच्याच शब्दांत. ‘व्हतो’ला मी ‘होतो’ केलं नाही. तात्यांनी दुसरा निवडला. मुलाला त्यांनी स्वतः सांगितलं, मी त्या वेळी खोलीत नव्हते.

प्रकरणात ज्याचं नाव येतं आणि जो हयात आहे, त्याला तो भाग ऐकवल्याशिवाय मी छापायला देत नाही. धाकटे भाऊ गावी असतात. तात्यांनीच फोन लावला, पान माझ्याकडून घेतलं आणि भिंग धरून सावकाश वाचलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग भाऊ म्हणाले, ‘म्होरल्या दारानं न्हाई काढली, दादा. ती भित आधीच बसली व्हती. गोठ्याच्या अंगानं काढली.’

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘पुढचं दार’ खोडून ‘गोठ्याची बाजू’ लिहिलं आणि कालपटाच्या पहिल्या रकान्यात त्या ओळीपुढे भावाचं नाव घातलं.