बाकी वरीलप्रमाणे : रोममधला एक दगडी खांब आणि बाबांची वही

रोममध्ये आम्ही पाच दिवस होतो, आई आणि मी. त्यातले चार दिवस एका वाक्यात संपतात: कोलोसियम पाहिलं, ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी गर्दीत आईचा हात सुटला आणि दहा मिनिटं माझा जीव थाऱ्यावर नव्हता, व्हॅटिकनमध्ये इतकी रेटारेटी की छताकडे बघायचं की पायाखाली हेच कळेना, आणि रात्री हॉटेलवर येऊन आईने बरोबर आणलेली मेतकुटाची पुडी उघडली. त्याबद्दल बाकीचे लोक लिहितातच. मला लिहायचंय ते टर्मिनी स्टेशनच्या समोर असलेल्या म्युझियमबद्दल, डायोक्लिशियन या रोमन सम्राटाच्या स्नानगृहांमध्ये जे आहे ते, कारण तिथे एका खांबासमोर मी आणि आई जवळजवळ दीड तास होतो आणि घरी परत आल्यापासून डोक्यात तेच आहे.

सोमवारी गेलो तर बंद. सोमवारी ते बंदच असतं, मी आधी बघायला हवं होतं, आईचे गुडघे दुखत असताना तिला उगाच उन्हात चालवलं. मंगळवारी सकाळी परत गेलो. स्टेशनबाहेर एवढी माणसं आणि आत शिरल्यावर एकदम शांतता, झाडं, दगड, मायकेलँजेलोच्या नावाने ओळखला जाणारा तो मोठा चौक आणि त्यात दोन-चार माणसं. रोममध्ये निवांत बसायला मिळालेली ही पहिली जागा. शिलालेखांचा विभाग आत आहे आणि तिथे तर कुणीच नव्हतं. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण पुतळे बघायला लोक रांगा लावतात पण रोमन माणूस देवाशी नक्की काय बोलत होता ते या लिहिलेल्या दगडांवर आहे आणि तिथे कुणी थांबत नाही.

मी ज्यासाठी गेले होते तो खांब इ.स.पू. १७ चा. त्या वर्षी ऑगस्टसने, म्हणजे रोमच्या पहिल्या सम्राटाने, 'लूदी साएकुलारेस' नावाचा उत्सव केला, एक पूर्ण युग संपून नवं सुरू होतं म्हणून, आणि त्यांच्या हिशोबाने हे युग ११० वर्षांचं. तीन रात्री आणि तीन दिवस पूजा, बळी, नाटकं. आणि सिनेटने, म्हणजे रोमच्या राज्यसभेने, ठराव केला की या सगळ्याची नोंद एका ब्राँझच्या आणि एका संगमरवरी खांबावर कोरून ठेवायची, पुढे आठवण राहावी म्हणून. ब्राँझचा गेला. संगमरवरी खांबाचे तुकडे १८९० मध्ये तिबेर नदीकाठच्या कामांच्या खोदाईत सापडले, ते जोडून उभे केलेत. जिथे दगड फुटलाय तिथे अक्षरं गेली आहेत, पण जेवढं आहे तेवढंही खूप आहे, कोणत्या देवाला काय वाहिलं, कोण काय म्हणालं, शब्द न् शब्द.

मला लॅटिन येत नाही. मी निघण्याआधी महिनाभर रोज रात्री या लेखाचा मजकूर आणि भाषांतर वाचत होते, फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते, त्यावरून एकेक ओळ शोधत होते. आई बाजूला उभी. तेवढ्यात तिथल्या ड्युटीवरच्या बाईंनी कुठूनतरी खुर्ची आणून आईला बसायला दिली, काही न बोलता. पाच दिवसांत रोममध्ये आमच्याशी इतकं मायेने कुणी वागलं नव्हतं. हॉटेलमध्ये आईसाठी गरम पाणी मागितलं तर कपाळाला आठ्या, आणि इथे न मागता खुर्ची.

आणि मग ती ओळ सापडली. ऑगस्टस रात्री नदीकाठी नियतीच्या देवतांना नऊ मेंढ्या आणि नऊ शेळ्या अर्पण करतोय आणि प्रार्थनेची सुरुवातच अशी करतो, 'उती वोबिस इन इलेइस लिब्रेइस स्क्रिप्तुम एस्त', म्हणजे तुमच्यासाठी त्या पुस्तकांत जसं लिहिलंय त्याप्रमाणे. ती पुस्तकं म्हणजे सिबिलची, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईची पुस्तकं, आणि हे तो देवतेला ऐकवतोय! तिच्यासाठी काय करायचं हे लिहून ठेवलंय आणि मी ते तसंच करतोय, असं. पुढे ज्युपिटरला बैल अर्पण करताना परत तेच वाक्य, जन्माच्या देवीला परत तेच. फक्त देवाचं नाव आणि नैवेद्य बदलतो. आणि पुढच्या प्रार्थनांपाशी लिहिणाराही तीच प्रार्थना परत परत कोरून थकला असावा, कारण तिथे पुढे सरळ दोन-तीन शब्द आहेत, 'केतेरा उती सुप्रा'. बाकी वरीलप्रमाणे.

मी आईला म्हटलं, "आई, इथे बघ काय लिहिलंय. बाकी वरीलप्रमाणे."

आई काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबांची वही."

आता वहीबद्दल सांगायला हवं. आमचं घर चिपळूणचं, गणपती पाच दिवसांचा. आजोबा होते तोवर सगळी पूजा तोंडपाठ, डोळे मिटून. ते गेल्यावर बाबांवर आलं आणि बाबांना पाठ होत नव्हतं. आयुष्यभर एसटीत नोकरी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्राणप्रतिष्ठा आणि षोडशोपचार पाठ कुठून होणार. तर त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि गुरुजींकडे बसून सगळं लिहून काढलं. मंत्र निळ्या शाईत, कृती लाल शाईत. 'इथे पळीभर पाणी सोडणे.' 'इथे घंटा.' 'घाई नको.' एकवीस पत्री लिहिताना पहिल्या दोन ओळी पूर्ण आणि नंतर नुसती नावं, शेजारी 'पुढे वरीलप्रमाणे'. दरवर्षी ती वही चौरंगाशेजारी उघडी, पान उडू नये म्हणून वर पळी ठेवलेली.

आमच्यातले एक नातेवाईक, नाव घेत नाही, दर गणपतीला यायचे आणि दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणायचे की वाचून कसली पूजा, आणि तो श्लोक म्हणून दाखवायचे, 'गीती शीघ्री शिरःकम्पी तथा लिखितपाठकः', म्हणजे गाऊन म्हणणारा, भराभर म्हणणारा, मान हलवणारा आणि लिहिलेलं बघून वाचणारा, हे सगळे अधम पाठक. श्लोक खरा आहे, 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला. वेदपठणाची आपली परंपरा कानावरची आणि ती किती कष्टाने टिकवली गेली ते मला माहीत आहे, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण बाबा मान खाली घालून वहीचं पान उलटायचे आणि मी, तेव्हा कॉलेजात, मला बाबांची लाज वाटायची. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

म्हणून रोमन लोकांचं वाचायला लागले तेव्हा मी हरखून गेले होते, कारण तिथे सगळं उलटं. तिथे बघून वाचणं हीच काळजी, हाच आदर. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मोठे अधिकारी प्रार्थना करायचे तेव्हा एकजण लिहिलेल्या मजकुरावरून आधी वाचून सांगायचा, म्हणजे एकही शब्द गळू नये किंवा पुढेमागे होऊ नये, दुसरा त्यावर लक्ष ठेवायला, तिसरा लोकांना गप्प बसवायला, आणि शिवाय बासरीवाला वाजवत राहायचा म्हणजे प्रार्थनेशिवाय दुसरं काही कानावर पडू नये. या खांबावरही आहे, ११० विवाहित बायका जूनो देवीसमोर गुडघे टेकून बसल्यात आणि पुढे एकाने शब्द सांगायचे, त्यांनी मागून म्हणायचे. आई म्हणाली, "म्हणजे गुरुजी सांगतात आणि आपण म्हणतो तसंच की." हो, तसंच.

आणि चुकलं तर? इ.स.पू. १७६ मध्ये लॅटिन लोकांचा मोठा सामायिक उत्सव होता, त्यात लानुवियम गावच्या अधिकाऱ्याकडून एका बळीच्या वेळी प्रार्थनेत 'रोमन जनतेसाठी' एवढे शब्द म्हणायचे राहिले. प्रकरण सिनेटपर्यंत, तिथून पुरोहितांकडे, आणि निर्णय असा की सगळा उत्सव पहिल्यापासून पुन्हा करायचा आणि बळीची जनावरं लानुवियमने द्यायची. आईला हे फार कडक वाटलं. "आपण शेवटी म्हणतो ना, अक्षर चुकलं, मात्रा चुकली तर क्षमा कर म्हणून. त्यांच्यात तसं काही नाही?" मला तिचा प्रश्न फार आवडला. बाबांच्या वहीत शेवटच्या पानावर तेच होतं, 'यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्', आणि बाबा तेवढं मात्र वही मिटून, डोळे मिटून म्हणायचे. ते त्यांना पाठ होतं.

याच खांबावर आणखी एक ओळ आहे, 'कार्मेन कॉम्पोसुइत क्यू. होरातिउस फ्लाक्कुस', गीत रचलं होरेसने. तो प्रसिद्ध कवी होरेस! शेवटच्या दिवशी २७ मुलं आणि २७ मुलींनी ते गायलं, आधी पॅलाटाइन टेकडीवर, मग कॅपिटोल टेकडीवर. बळींच्या यादीत मधेच कवीचं नाव वाचून अंगावर काटा आला.

दुपारी त्या पुस्तकांची जागा बघायला पॅलाटाइनवर गेलो, आणि खरं सांगायचं तर आईला तिथे न्यायला नको होतं. चढ, ऊन, सावली नाही, पाण्याच्या नळापाशी रांग. गोष्ट अशी सांगतात की एका म्हातारीने टार्क्विन राजाला नऊ पुस्तकं विकायला आणली, त्याने किंमत नाकारली, तिने तीन जाळली आणि उरलेल्यांची तीच किंमत सांगितली, परत नाकारली, परत तीन जाळली, शेवटी राजाने उरलेली तीन पूर्ण किमतीला घेतली. ती कॅपिटोलवर ज्युपिटरच्या देवळात ठेवलेली आणि खास पुरोहितांशिवाय कुणी उघडायची नाहीत, तीही सिनेटने सांगितल्यावरच. साथ आली, युद्ध अंगाशी आलं की ती उघडायची आणि आता कोणत्या देवाला काय करायचं ते शोधायचं. इ.स.पू. २०४ मध्ये आशिया मायनरमधून महामाता देवीला रोममध्ये आणलं ते याच पुस्तकांमुळे. इ.स.पू. ८३ मध्ये देऊळ जळलं आणि पुस्तकंही जळाली, तर माणसं पाठवून ठिकठिकाणहून वचनं परत गोळा केली. ऑगस्टसने ती निवडून पॅलाटाइनवर अपोलोच्या मूर्तीखाली दोन सोनेरी पेट्यांत ठेवली, आणि भविष्य सांगणारी बाकीची दोन हजारांवर पुस्तकं जाळून टाकली. आज तिथे देवळाचा नुसता चौथरा आहे. आई एका दगडावर टेकली आणि म्हणाली, "पुस्तकं गेली, पण खांब राहिला." मी गप्प बसले.

बुधवारी सकाळी विमानतळाच्या गाडीत बसलो. वाटेत मग्लिआनाचा भाग लागतो, तिथे पूर्वी देआ दिआ देवीची राई होती आणि आर्वाल नावाचे बारा पुरोहित तिची पूजा करायचे. मी आईला खिडकीतून दाखवलं, दिसतात इमारतीच. हे पुरोहित दरवर्षीच्या पूजेची नोंद संगमरवरावर कोरायचे, पण राईत लोखंड न्यायला मनाई, आणि कोरायला तर लोखंडी छिन्नीच लागणार. म्हणून छिन्नी आत नेताना प्रायश्चित्ताचा बळी द्यायचा आणि बाहेर काढतानाही परत द्यायचा. नोंद टाळायची नाही आणि नियमही मोडायचा नाही. इ.स. २१८ च्या त्यांच्या नोंदीत तर असं आहे की पुरोहितांनी देवळाची दारं लावून घेतली, हातात पोथ्या घेतल्या आणि त्या बघून गाणं म्हणत तीन ठेक्यांत नाचले, 'एनोस लासेस युवाते', आम्हाला साहाय्य करा, असं तीनदा. गाणं तेव्हाच शेकडो वर्षं जुनं, भाषा इतकी जुनी की आजही अभ्यासक अर्थावर भांडतात. नाचून झालं की सेवक आत येऊन पोथ्या परत घेऊन जायचे. सम्राटाच्या काळातले मोठमोठे सरदार हे, आणि हातात पोथी धरून बघून म्हणतायत. आईने हे दोनदा सांगायला लावलं.

विमानतळावर चेक-इनच्या रांगेत आईने दादाला चिपळूणला फोन लावला. "अरे, देवघराच्या खालच्या कप्प्यात बाबांची वही आहे, पत्रीच्या पानाचा फोटो काढून पाठव. हो, आत्ता." तो बिचारा गोंधळला, पण अर्ध्या तासात फोटो आला. पान पिवळं पडलंय, कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलंय, आणि तिसऱ्या ओळीपासून लाल शाईत, बाबांच्या त्या तिरक्या अक्षरात, 'पुढे वरीलप्रमाणे'. आईने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि मग मला म्हणाली, "तो त्या खांबाचा फोटो काढलायस ना, तोपण मला पाठव."